भिंतीपासून दीड फूट

मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून माझं घर पाच मिनिटांवर. शाळेत मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आणि जाता-येता कुणी ना कुणी तानपुऱ्याची जवारी काढत बसलेलं असायचं. घोडी कानशीनं किंचित घासायची, तार छेडायची, सूत केसभर सरकवायचं, परत छेडायची. त्यामुळे निवृत्तीनंतर घरात गाणं ऐकायची नीट सोय करायचं ठरलं तेव्हा कसोटी आधीच तयार होती. तानपुरा तानपुऱ्यासारखा वाजला पाहिजे, बाकीचं नंतर बघू.

पैसे ठेवले होते ५० हजार. पुण्याच्या भाच्यानं यादी पाठवली, तिच्यात निम्मे पैसे एकट्या डॅकचे. डॅक म्हणजे गाण्याचे आकडे वाचून त्यांची विजेची लहर करणारी चिप. "मावशी, अगं सगळा जीव त्यातच असतो," म्हणाला. मला पटेना. हे काम हल्ली स्वस्तातली चिपही चोख करते. स्पीकरचं तसं नाही. पडदा, तारेचं वेटोळं, लोहचुंबक आणि खोकं, असा सगळा यांत्रिक मामला. तिथं दोन मॉडेलांतला फरक माझ्या शेजारणीलाही ऐकू येतो, आणि तिला गाण्यातलं काही कळत नाही असं तीच सांगते.

मी यादी उलटी केली. स्पीकर २६ हजारांचे. जुना पण धडधाकट ॲम्प्लिफायर १४ हजारांना. गाणी आणून देणारा स्ट्रीमर ९ हजारांत: रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, त्याच्या डोक्यावर डॅकची पट्टी, आत मोफत मिळणारं सॉफ्टवेअर. ज्यांना ही जुळवाजुळव नको त्यांनी सरळ तयार स्ट्रीमर घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

फोनवरून ब्लूटूथनं का नाही ऐकायचं, असं बरेच जण विचारतात. ब्लूटूथमध्ये गाणं आधी फोन उलगडतो आणि पुढे पाठवण्यासाठी पुन्हा दाबून बारीक करतो. पुरणपोळी गार करून, पिशवीत कोंबून, परत तव्यावर टाकण्यातला प्रकार. शिवाय मध्येच कुणाचा फोन आला की मारवा थांबतो. वायफायवरचा स्ट्रीमर गाणं इंटरनेटवरून स्वतःच उचलतो आणि फोन फक्त रिमोटसारखा वापरायचा. राउटर तेवढा इन्व्हर्टरवर घ्या. मी ॲम्प्लिफायर घेतला, राउटर विसरले, आणि लाइट गेल्यावर उजेडात बसून शांतता ऐकली.

आता दर्जाचे आकडे. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४११ किलोबिट. यातलं काहीही न गमावता पाठवलं तर त्याला लॉसलेस म्हणतात, आणि मी तिथंच थांबते. त्याच्या वरचे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ वगैरे आकडे माझ्या उपयोगाचे नाहीत. चौसष्टाव्या वर्षी माझे कान बारा हजार हर्ट्झच्या वर साथ देत नाहीत, आणि मी सगळ्यात जास्त ऐकते ते अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. त्यांचं गाणं ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तबकडीवर जे उमटलंच नाही ते मोठ्या आकड्यांतून कुठून येणार? उलट्या दिशेनं मात्र नुकसान खरं आहे. डेटा वाचवायला दर्जा फार खाली आणला की पहिला बळी जवारीचा जातो. तारेवर तरंगणारा वरच्या सुरांचा तो मोहोळासारखा गुंजारव चिखलात पडतो.

ॲम्प्लिफायर घेताना दुकानात वॅटांचीच बोली चालते. माझ्या स्पीकरची संवेदनक्षमता ८६ डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. तेवढा आवाज मी घरात कधी लावतही नाही. ५० वॅटला तो १०३ पर्यंत जातो, आणि १०० वॅटला किती? १०६. वॅट दुप्पट, पदरात तीन डेसिबल. दुप्पट मोठा भासायला दहापट वॅट लागतात. हे वर्गात लॉगॅरिदम शिकवताना पोरांना कधी पटलं नाही.

सबवूफरही घेतला नाही. पुरुषांच्या काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि माझे स्पीकर तिथवर पोचतात. एका दुकानदारानं साडेसहा हजारांची जाडजूड स्पीकर वायर काढून दाखवली. मी घराच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. तीन मीटर जाऊन-येऊन तिचा रोध एका ओहमच्या विसाव्या भागाइतकाही होत नाही.

सगळं जोडलं, आणि तानपुरा तानपुऱ्यासारखा वाजेना.

गल्लीतले एक चाचा, पन्नास वर्षं तानपुरे केलेले, चहाला आले होते. खाँसाहेबांची भैरवी लावली. चाचांनी डोळे मिटले, मग उघडले आणि म्हणाले, "बाई, खाँसाहेब खोलीत आहेत खरे, पण बसलेत कुठं?"

ही तबकडी मोनो. ॲलन ब्लमलाइन यांनी दोन वाहिन्यांच्या ध्वनीचं पेटंट १९३१ साली लंडनमध्ये दाखल केलं, पण त्या काळच्या आपल्या तबकड्या एकाच वाहिनीच्या. मोनो गाणं दोन स्पीकरवर लावलं की दोन्हींतून तंतोतंत तेच येतं, आणि गायक बरोबर मध्यावर, जिथं काहीच ठेवलेलं नाही तिथं बसलेला ऐकू यायला हवा. आमचे खाँसाहेब भिंतभर पसरले होते. मागं जाऊन बघते तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी. एकाचा पडदा पुढं येताना दुसऱ्याचा मागं जात होता, आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकत होता. पदार्थविज्ञानाची बाई!

वायर सुलटी केली तर खर्ज आला, तोही जरा जास्तच, घागरीत बोलल्यासारखा. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या जवळपासचे सूर भिंतींमध्ये घुमतात, आणि स्पीकर कोपऱ्यात असला की त्यांना आणखी बळ येतं. स्पीकर फळीवरून उतरवून स्टँडवर घेतले. भिंतीपासून अर्धा फूट, एक फूट, दीड फूट. चाचा खुर्चीतून हातानं खुणा करत होते, सूत सरकवताना करतात तशाच. दीड फुटावर त्यांचा हात थांबला. नुसत्या फरशीवर सतरंजी टाकली, समोरच्या उघड्या भिंतीवर आईची गोधडी टांगली. त्या गोधडीनं जे काम केलं ते भाच्याच्या डॅकला जमलं नसतं.

परत भैरवी लावली. संपल्यावर चाचा उठले, कोपऱ्यातल्या माझ्या तानपुऱ्यावर तळवा ठेवला, तशी खोलीतली बारीक गुणगुण थांबली. स्पीकरच्या सुरांनी त्याच्या तारा आपोआप हलत होत्या, आणि ते मला ऐकूच आलं नव्हतं.

"हा आतल्या खोलीत ठेवा," ते म्हणाले. "आणि जवारी बसलीय याची. रविवारी घेऊन या."