मिठाच्या करासाठी उभारलेले काटेरी कुंपण

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हिंदुस्थानच्या आरपार एक जकात सीमा आखली होती. सिंधू नदीपासून ओडिशातील महानदीपर्यंत जाणारी ही सीमा १८६९ मध्ये सुमारे २,३०० मैल, म्हणजे ३,७०० किलोमीटर लांब होती. तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहारा देत. त्यांचे मुख्य काम एकच होते: कर न भरलेले मीठ पलीकडे जाऊ द्यायचे नाही.

बंगालमध्ये मणामागे सव्वातीन रुपयांपर्यंत कर होता. राजपुतान्यातील सांभर सरोवराचे मीठ मात्र संस्थानांच्या हद्दीत पिके आणि मुंबई इलाख्यातही कर बराच कमी होता. स्वस्त मीठ महाग मुलखात शिरणारच. ते अडवायला आधी नाक्यानाक्यावर चौक्या बसल्या, मग चौक्या जोडणारी वाट आणि शेवटी वाटेलगत कुंपण.

सुरुवातीला तोडलेल्या काटेरी फांद्या रचत. मैलाला अडीचशे टन झाडोरा लागे. त्याला वाळवी लागे, वणव्यात तो जळे, वादळात उडून जाई. १८६७ मध्ये जकात आयुक्त झालेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. जमीन पाहून बाभूळ, बोर, करवंद, थोर लावले. निकृष्ट जमिनीत निवडुंग. जिथे ते नीट वाढले तिथे उंची दहा ते चौदा फूट आणि जाडी सहा ते बारा फूट झाली. ही काटेरी भिंत दक्षिणेकडे थेट खानदेशच्या जुन्या राजधानीपर्यंत, बऱ्हाणपूरपर्यंत, आली होती. पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम हेच.

कुंपणाच्या अलीकडे घर आणि पलीकडे शेत असलेल्या माणसाचे काय होत असेल? ठरलेल्या फाटकापर्यंत वळसा, तिथे झडती, शिपायाची मर्जी आणि कधी लाचही. शेकडो मैलांच्या मुलखात जाण्यायेण्याची मोकळीक अशी मोजूनमापून मिळे.

हा कर गरिबाला अधिक जाचक होता, कारण मीठ टाळता येत नाही. उन्हात राबणाऱ्याच्या घामावाटे ते सतत जाते आणि भाकरी-कोरड्यासावर जगणाऱ्याला ते वरूनच घ्यावे लागते. सावकार आणि शेतमजूर यांना मीठ जवळपास सारखेच लागते, पण मजुराच्या मिळकतीतला कराचा वाटा कितीतरी मोठा असतो. कर म्हणजे गुलामी, असे मी मानत नाही. रस्ते, दवाखाने, शाळा करातूनच उभ्या राहतात. पण ज्यांच्या संमतीशिवाय तो बसवला त्यांच्याकडून, तोही जगायला लागणाऱ्या वस्तूवर, वसूल करायचा तर शेवटी पहारेकरीच नेमावे लागतात. गरिबाच्या पैशाबरोबर त्याची वाटही अडते.

१ एप्रिल १८७९ रोजी ही सीमा उठली, ती दयेपोटी नव्हे. १८७० मध्ये सरकारने सांभर सरोवर भाड्याने घेतले आणि नंतरच्या करारांनी राजपुतान्यातले मीठ उगमापाशीच ताब्यात आले. तिथेच कर घेता येऊ लागल्यावर कुंपणाची गरज संपली. वेगवेगळ्या प्रांतांतले दर जवळ आणताना मुंबई आणि मद्रास इलाख्यांत कर उलट वाढवला गेला, तोही नुकत्याच पडलेल्या भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात हा कर उतरवण्याची मागणी लावून धरली. १९०३ ते १९०७ या काळात मणामागचा दर अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला. १९३० मध्ये दांडीपाठोपाठ वडाळा आणि शिरोडा येथील मिठागरांवर सत्याग्रह झाले.

मीठकर अखेर १९४७ मध्ये, हंगामी सरकारच्या अर्थसंकल्पात, रद्द झाला. आजच्या जीएसटीतही मिठावरील कराचा दर शून्य आहे.