स्क्रॅपबुकच्या पानावर फोटो किती मोठा हवा?

डिजिटल स्क्रॅपबुकचं पान स्क्रीनवर झकास दिसतं. छापून हातात आलं की आजीचा चेहरा पुसट, नाहीतर बाळाचं डोकं लांबुळकं झालेलं. याचं कारण बहुधा साधं असतं: फोटोचा आकार मोजून न ठरवता नजरेच्या अंदाजाने ओढूनताणून बसवलेला असतो.

आधी पान मोजा

स्क्रॅपबुकचं प्रचलित पान 12 बाय 12 इंचांचं. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे पान झालं 3600 बाय 3600 पिक्सेलचं. फोटोचा हिशेबही तोच: पानावर जितके इंच हवेत, गुणिले 300.

मोबाइलवर काढलेला 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. पानावर जसाच्या तसा टाकला तर तो कडेबाहेर जातो. समजा, गणपतीच्या आरतीचा असा फोटो 5 इंच रुंद हवा आहे. रुंदी 1500 पिक्सेल करा; प्रमाण राखलं असेल तर उंची आपोआप 1125 होते, म्हणजे पावणेचार इंच.

फाईलच्या माहितीत 72 हा आकडा पाहून अनेकजण धास्तावतात. घाबरायचं कारण नाही. छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, एवढीच ती सूचना असते. फोटोत 4000 पिक्सेल असतील तर 72 लिहिलं काय नि 300 लिहिलं काय, ते तेवढेच राहतात.

कोपरा धरा, बाजू नको

बाजूची मूठ ओढली की माणसं जाडी किंवा उंच होतात. फोटोशॉपच्या 2019 च्या आवृत्तीपासून प्रमाण आपोआप राखलं जातं, शिफ्ट दाबलं तर उलट मोडतं. त्याआधी शिफ्ट दाबून ठेवावं लागे. जुन्या सवयीच्या लोकांची इथेच फसगत होते. गिंपमध्ये रुंदी-उंचीच्या आकड्यांशेजारची साखळी जोडलेली असू द्या.

चौकट चौरस आणि फोटो आडवा असेल तर तो दाबून बसवू नका. उंची चौकटीइतकी करा आणि बाजूचा जास्तीचा भाग मास्कने झाका. क्रॉपपेक्षा मला मास्कच पसंत आहे. कडेला उभे असलेले काका झाकले गेले, तर फोटो मागाहून थोडा सरकवून त्यांना परत आत घेता येतं.

लहान होतो, मोठा होत नाही

फोटो लहान करताना जास्तीचे पिक्सेल गाळले जातात. पुन्हा मोठा केला तर ते परत येत नाहीत. सॉफ्टवेअर मधल्या जागा अंदाजाने भरतं. म्हणून फोटोशॉपमध्ये आकार बदलण्याआधी लेयरचं स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या. मग कितीही वेळा लहानमोठा केला तरी हिशेब मूळ फोटोवरूनच होतो.

व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो आकसलेला असतो. लांब बाजू 1600 पिक्सेल असेल तर 300 च्या हिशेबाने तो सव्वापाच इंचांपर्यंतच चांगला छापतो. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. मूळ फोटो मिळतच नसेल तर इंचाला 200 पर्यंत उतरायला हरकत नाही, हातभर अंतरावरून पान नीटच दिसतं. त्याखाली मात्र जाऊ नये; फोटो पानावर लहानच ठेवावा.

जुने छापील फोटो

इथे स्कॅन करतानाच विचार करावा लागतो. आजोबांचा 2 इंच उंचीचा फोटो पानावर 6 इंचांचा हवा असेल, तर 1800 पिक्सेल लागतील. म्हणजे स्कॅनर 900 किंवा त्याहून वरच्या रिझोल्यूशनवर लावायचा. 300 वर स्कॅन केला तर मिळतात अवघे 600, आणि ते पुढे कशानेही वाढत नाहीत.

सेव्ह करताना

मूळ फोटोची प्रत काढूनच काम करा. जेपेग बदलून पुन्हा सेव्ह केली की दर खेपेला थोडा तपशील जातो. त्यामुळे चालू काम पीएसडी (फोटोशॉप) किंवा एक्ससीएफ (गिंप) फाईलमध्ये लेयरसकट ठेवा आणि जेपेग शेवटी एकदाच काढा. छपाईनंतर पानाच्या कडा किंचित कापल्या जातात, तेव्हा चेहरे आणि तारखा कडेपासून निदान पाव इंच आत घ्या.