पडद्यावरची गुणा, गंगा आणि गणेश मंडळी

बालमित्रांनो, टीव्हीवर एखादा दणकट कलाकार साडी नेसून, पदर सावरत ठुमकत आला, की घरात कसा हशा पिकतो! २०१४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये आपण असे कितीतरी प्रवेश पाहिले. ही गंमत काही नवी नाही बरं का! कोकणातल्या शिमग्यात गोमू नाचते, तेव्हा त्या लुगड्यात गावातलाच कुणी बाप्या असतो. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७) तर रंगभूमीवर असे शोभत, की बायका त्यांच्यासारखं नटायला बघत. खेळ संपला, की गोमूचा पुन्हा बाप्या होतो आणि बालगंधर्वांचे पुन्हा नारायणराव!

पण काही माणसांचं ते सोंग नसतं. जन्मल्यावर सगळे ‘मुलगा झाला’ म्हणतात, पण मोठं होता होता त्या मुलाला आतून पक्कं ठाऊक असतं, की आपण मुलगी आहोत. अशांना मराठीत तृतीयपंथी म्हणतात. काही मुलींना आपण मुलगा आहोत असंही वाटतं. आणखी एक निराळी गोष्ट. काही पुरुषांना पुरुषाबद्दलच प्रेम वाटतं, काही स्त्रियांना स्त्रीबद्दल. त्यांना समलिंगी म्हणतात. साडी नेसून काम करणारा नट, तृतीयपंथी आणि समलिंगी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र सगळ्यांची एकच मोट बांधतो आणि हसून मोकळे होतो.

ही मोट सोडवून दाखवणाऱ्या काही छान कलाकृती आपल्याकडे झाल्या आहेत. ‘नटरंग’ घ्या. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट रवी जाधव यांनी केला आणि तो १ जानेवारी २०१० ला झळकला. त्यातला गुणा हा शेतमजूर, अंगानं पैलवान. तमाशाचा फड उभा राहावा म्हणून तो ‘नाच्या’ होतो. अतुल कुलकर्णी यांनी हे काम केलं. बायको-मुलं असलेला हा गडी केवळ एक भूमिका करतो, तर लोक त्याला माणसातून उठवतात. चालण्या-बोलण्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे गुणाकडून शिकावं.

राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त (२००९) उलटीच तऱ्हा. तायप्पा हा तरणाबांड मुलगा. देवाच्या नावावर त्याला जोगता करून जबरदस्तीनं साडी नेसवली जाते. त्याच्या मनात ते नसतं. या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता विचार करा. मनाविरुद्ध साडी नेसवली म्हणून तायप्पाचा जीव गुदमरतो. मग जिला आतून मुलगी असल्याचं कळलंय, तिला शर्ट-पँटमध्ये कोंबलं, तर तिचाही जीव गुदमरणारच ना?

मालिकांकडे येऊ. झी मराठीवर २०२० मध्ये ‘कारभारी लयभारी’ सुरू झाली. तिच्यात गंगा नावाचं एक तृतीयपंथी पात्र होतं. गंमत म्हणजे हे काम करणाऱ्या प्रणित हाटे स्वतःही तृतीयपंथी आहेत. रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळी गंगा घराघरांत येऊ लागली. तिलाही राग येतो, तिलाही रडू येतं, हे आजी-आजोबांनाही दिसलं.

आणि मग ‘ताली’! ही हिंदी मालिका १५ ऑगस्ट २०२३ ला तेव्हाच्या जिओसिनेमावर आली. दिग्दर्शक पुन्हा रवी जाधव, लेखक क्षितिज पटवर्धन. गोष्ट आहे मुंबईच्या कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत यांची. हो, २०१७ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये उषा उत्थुप यांच्याबरोबर बसलेल्या त्याच. लहानपणी त्यांचं नाव होतं गणेश. मोठेपणची गौरी सुश्मिता सेन यांनी केली आहे, तर शाळकरी गणेशचं काम कृतिका देव या मुलीनं.

त्यात वर्गातला एक प्रसंग आहे. मोठेपणी कोण होणार, असं बाई विचारतात. गणेश म्हणतो, मला आई व्हायचंय. सगळा वर्ग हसतो. शिक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार टोचतो. कारण हसू तिथेच थांबत नाही. मधल्या सुट्टीत ते चिडवणं होतं, मग नाव पाडणं होतं, मग एक दिवस बाक रिकामा दिसतो. खऱ्या गौरीताईंनाही तरुणपणी घर सोडावं लागलं. पुढे त्यांनी एका अनाथ मुलीला सांभाळलं आणि त्या खरोखरच आई झाल्या!

या मालिकेत ज्या निकालाची वाट पाहिली जाते, तो सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला दिला. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्यानं त्यानं स्वतः ठरवावं, असं न्यायालयानं सांगितलं. पुढे ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं सज्ञान समलिंगी माणसांचं प्रेम हा गुन्हा उरला नाही. दोन्ही निकालांना आधार संविधानातल्या समतेचा. आमच्या दासगावच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. महाडच्या सत्याग्रहासाठी डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बोटीनं इथल्याच बंदरात उतरले होते. तळ्यावर येऊ नको म्हणणं आणि माझ्या बाकावर बसू नको म्हणणं, यात फरक तो किती?

तेव्हा दोस्तांनो, यापुढे टीव्ही पाहताना एक खेळ खेळा. असं पात्र आलं, की पाहा : त्याला नाव आहे का? घर, काम, मित्र आहेत का? की नुसतं हसवायलाच आणलंय? ‘ताली’ आणि ‘जोगवा’ मात्र घरातल्या मोठ्यांबरोबरच बसून पाहा. आणि तुमच्यापैकी कुणाला चिडवलं जात असेल, तर मनात कुढू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, नाहीतर १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. आणि वर्गात कुणी एकटं डबा खात असेल, तर उद्या तुमचा डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसा. बसाल ना?