माठाचा भाव

सकाळी ६. आवा रात्रीतून निवला. राख सारून नवरा एकेक माठ वर देतो, मी बोटाच्या पेराने ठोकते. खणकन वाजला तो यवतमाळच्या प्रदर्शनाला, बद्द बोलला तो बाजूला. फुटकेही मोजायचे, त्यांचे पैसे चांगल्यांवरच काढायचे असतात.

९. जुनी वही काढली. शेवटचे भाव मार्च २०२० चे. त्या महिन्यात लॉकडाऊन लागलं, ऐन हंगामात माठांनी भरलेलं घर तसंच राहिलं, मग आम्ही दोघं मजुरीला लागलो. चाक आता पुन्हा फिरवलं, तर भावही नव्याने काढायचा. शेजारणी म्हणतात, सरळ दुप्पट कर. पण सगळं सारखं कुठं वाढलंय? माती घ्या. पारंपरिक कुंभाराला ५०० ब्रासपर्यंत रॉयल्टी माफ आहे, ट्रॅक्टरचं भाडं कोण माफ करतो? पऱ्हाट्या पूर्वी ‘न्या बापा, वावर मोकळं होते’ म्हणून मिळायच्या. आता त्यांनाही गिऱ्हाईक आहे. गोवऱ्या विकतच्या. एका आव्याचा सगळा खर्च मांडला, धड निघालेल्या नगांनी भागला. मजुरीचा रकाना वहीत नव्हताच. तो आखला आणि कापूस वेचणीला गेलो असतो तर जे मिळालं असतं, ते दोघांच्या नावे लिहिलं.

११. सासूबाई वहीतला अडीचशेचा हिशेब ऐकून उसळल्या. “दारावर दीडशेले देतो, तिथं अडीचशे कोन देईन व?” त्यांचं खरं आहे. माठाचा भाव वणीपासून यवतमाळपर्यंत सगळ्या बायांना पाठ. म्हणून साधा माठ दोनशेच. मारेगाव, करंजी करत जाणाऱ्या गाडीचं भाडं तरी निघावं. दही लावायचं गाडगं, झाकणाची हंडी यांचा भाव कोणाला ठाऊक नाही. तिथं पूर्ण मेहनत लावायची. हे मला पटलं, त्यांना अर्धंच.

१२.३०. पाणी भरून ठेवलेले माठ घामेजले. गिऱ्हाईक हमखास म्हणणार, पाझरते हा! पाझरतो म्हणूनच गार करतो, ते पाणी उडून जाताना आतली उष्णता नेतं. जास्त भाजलेला, काळपट झालेला बाहेरून कोरडा राहतो आणि पाणीही तसंच कोमट. ते वेगळे काढले, धान्याला ठीक आहेत.

दुपारी ३. दिराचा फोन. तो भद्रावतीच्या ग्रामोदय संघात शिकलेला. कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभी केलेली ही संस्था वणीहून जवळच. “वहिनी, तोंडी भाव सांगू नका. चिठ्ठी लावा. तोंडी सांगितला का समोरचा अर्ध्यावर येते.”

५. मातीवर स्टिकर धरत नाही, धूळच चिकटते. शेवटी पुठ्ठ्याचे तुकडे कापून सुतळीने गळ्यात बांधले. पोरीचं अक्षर चांगलं, तिनेच लिहिलं.

७. टोपल्यात कुटार पसरून भरणं चाललंय. हंड्या खाली, गाडगी वर. तीन सुरया राहिल्या, त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्याच. नवरा म्हणतो, साडेतीनशे लिही. मी म्हटलं, थांबा. पह्यलं गिऱ्हाईक ती हातात घेऊन किती वेळ ठेवते, ते पाहून लिहीन.