आरशातला मागचा स्वार

रविवारी सकाळी चंदीगडच्या मध्य मार्गावर जमावे, पिंजौर, परवाणू, धरमपूर अशा मजला मारीत साठेक किलोमीटरवरील कसौली गाठावी, तेथल्या बाजारात दुपारचे जेवण उरकावे आणि सूर्यास्तापूर्वी परतावे, हा त्या नगरातील मोटारसायकलस्वारांचा आवडता शिरस्ता आहे. एका जेवणाकरिता एवढी यातायात कशाला, असे घरच्या वडीलधाऱ्यांना वाटते; तरुण मंडळींना विचारावे तर ती थंड हवेचे आणि डोंगराचे नाव सांगतात. मला या सहलीचे मोल निराळ्याच ठिकाणी दिसते. ज्यांचा वेग एक नाही अशा माणसांनी एकत्र कसे चालावे, याचे शिक्षण तीत मिळते, आणि ते चंदीगडच्या रस्त्यांवर सहसा मिळत नाही.

याचे कारण त्या नगराच्या आखणीतच आहे. १९५१ साली वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी हे काम हाती घेतले तेव्हा त्यांनी रस्त्यांच्या सात श्रेणी पाडल्या, हमरस्त्यापासून पादचाऱ्यांच्या वाटेपर्यंत प्रत्येकीस तिचे काम नेमून दिले, आणि आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब अशा सेक्टराच्या बाहेरून जलद वाहतूक फिरवून आतील वस्तीस तिचा उपसर्ग पोचू नये असा बंदोबस्त केला. जलद आणि मंद यांची ही फारकत हितकारक आहे यात शंका नाही. परंतु तिच्या छायेत वाढलेला स्वार शेजारच्या मंद वाहनाचा विचार करण्यास क्वचितच शिकतो.

परवाणूच्या पुढे ती फारकत संपते. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या अमदानीत १८५० साली आरंभ झालेल्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाचा वारस असलेल्या या रस्त्यावर मालमोटारी, बसगाड्या आणि सहलकऱ्यांच्या मोटारी एकाच वळणावर एकमेकींस गाठतात. चौपदरीकरणासाठी डोंगराच्या कुशी उभ्या कापल्या गेल्या, आणि २०२३ च्या पावसाळ्यात चक्की मोडपाशी रस्ताच खचून वाहतूक बंद पडली. तेव्हापासून जाणती मंडळी भर पावसात हा बेत करीत नाहीत.

अशा वाटेवर मराठी फौजेच्या जुन्या व्यवस्थेप्रमाणे बिनी आणि चंदावल, म्हणजे आघाडी आणि पिछाडी, आधी ठरवावी लागते. अनुभवी दोघे या दोन टोकांना असतात. पंक्चरचे सामान आणि प्रथमोपचाराची पेटी पिछाडीकडे, कारण मोडलेली गाडी तिलाच भेटते. सर्वांत नवखा स्वार आघाडीच्या लगेच मागे ठेवतात. ही कृपा नव्हे, तिच्यामागे हिशेब आहे: आघाडीने ताशी चाळीसचा वेग साठवर नेला की मागे पडलेल्यांना अंतर भरून काढण्यासाठी साठाहूनही अधिक वेगाने धावावे लागते, आणि रांग जितकी लांब तितका हा ताण शेवटच्यास अधिक सोसावा लागतो. नवखा पुढे असला म्हणजे त्याचा वेग तोच साऱ्यांचा वेग होतो. सरळ रस्त्यावर गाड्या डावी-उजवी अशा आलटून-पालटून चालतात, थेट पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर राखतात, आणि वळण आले की एकेरी होतात.

या साऱ्यात मला सर्वांत सुंदर वाटतो तो आरशाचा नियम. प्रत्येकाने आपल्या आरशात केवळ मागच्या एका स्वाराकडे लक्ष ठेवायचे. तो दिसेनासा झाला की वेग उतरवायचा. मग त्याच्या पुढचाही उतरवतो, आणि काही क्षणांत, कोणी हाक न मारता, कोणताही दूरध्वनी न वाजता, मागची अडचण आघाडीपर्यंत पोचते. फाटा आला तर मागचा नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत तेथेच थांबायचे.

कसौली ही १८४२ ची छावणी. १९०५ पासून तेथे लसी आणि प्रतिविषे तयार करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे. बाजार मात्र चिंचोळा, गाड्यांना जागा थोडी, आणि तेथे मिळणारा बन-समोसा म्हणजे आपल्या वडापावचा डोंगराळ भाऊबंद: पाव चिरून त्यात समोसा दाबतात आणि वर चटण्या ओततात. भूक मोठी असेल तर राजमा-चावल मागवतात. शिरस्त्राणे भिंतीशी ओळीने मांडली जातात. पगडीधारी शिखांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिरस्त्राणाच्या सक्तीतून सूट दिलेली आहे. जेवताना पिछाडीचा स्वार बोलतो, कारण सर्वांच्या पाठी त्यानेच पाहिलेल्या असतात: अमुक वळणावर कोण रेषा ओलांडून गेला, कोणाचा मागचा दिवा लागत नाही, हे तो नाव घेऊन सांगतो आणि ऐकणारा ते निमूट ऐकून घेतो. लंडनच्या एस कॅफेभोवती १९५० नंतरच्या दशकात स्वार जमत, ते शर्यतीसाठी. त्या परंपरेचा दबदबा जगभर असला, तरी अनुकरणास योग्य मला कसौलीचे हे टेबलच वाटते.

परतीचा उतार चढणीहून कठीण. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकून गाडी सोडून देणे हा घातक मोह आहे, कारण मग सारा भार ब्रेकांवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू द्यावी. भरल्या पोटी सुस्ती येते म्हणून जेवणानंतर लगेच कोणी निघत नाही. परवाणूस पुन्हा थांबून माणसे मोजली जातात, मागचे दिवे तपासले जातात, आणि पंचकुल्याला रांग विस्कटून जो तो आपापल्या सेक्टराची वाट धरीपर्यंत पिछाडीचा स्वार शेवटच्या गाडीमागेच राहतो.