मानद पदवी न देणाऱ्या विद्यापीठाचा सन्मान
अमेरिकेतील अनेक विद्यापीठे नामवंतांना मानद डॉक्टरेट देतात. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड मात्र देत नाही. विद्यापीठाच्या असाधारण सेवेसाठी तिथे १९५३पासून ‘अनकॉमन मॅन’ किंवा ‘अनकॉमन वुमन’ हा सर्वोच्च सन्मान आहे आणि तो क्वचितच दिला जातो. हे नाव स्टॅनफर्डचे माजी विद्यार्थी, अमेरिकेचे माजी अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या शब्दप्रयोगावरून आले.

नुसता मोठा धनादेश पुरत नाही. वर्षानुवर्षांची सेवाही लागते. मानकरी ठरलेले उद्योजक विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड इथेच शिकले, पुढे विद्यापीठाचे विश्वस्त झाले. पॅकार्ड दांपत्याच्या देणगीतून उभे राहिलेले बालरुग्णालय १९९१मध्ये सुरू झाले. ह्यूलेट यांच्या निधनानंतर, २००१मध्ये, त्यांच्या फाउंडेशनने विद्यापीठाला ४० कोटी डॉलर जाहीर केले.