महामारीनंतरची मदत कोणाच्या दारी पोहोचली?

सन २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे नांदेड-लातूरच्या कापड धंद्याला फार जड गेली. २०२० चा रमजान टाळेबंदीतच संपला. २०२१ मध्ये नांदेड जिल्हा २५ मार्चपासून ४ एप्रिलपर्यंत बंद राहिला. पुढे १४ एप्रिलला, रमजानच्या पहिल्याच दिवशी, राज्यभर कडक निर्बंध लागले. ईद आणि लग्नसराई हे कमाईचे दोन्ही हंगाम सलग दोन वर्षे हातचे गेले.

सरकारने काहीच दिले नाही, असे म्हणता येणार नाही. जे दिले ते कोणाला मिळाले, हा खरा प्रश्न आहे.

मे २०२० मध्ये केंद्र सरकारने लहान-मध्यम धंद्यांसाठी तीन लाख कोटी रुपयांची कर्ज हमी योजना जाहीर केली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्के नवे कर्ज जादा तारणाशिवाय मिळणार होते. म्हणजे ज्याच्या नावावर आधीचे कर्जच नव्हते, त्याला काही नाही. घाऊक दुकानातून उधारीवर माल उचलणारा, घरी मशीन चालवणारा आणि व्याजापासून दूर राहणारा, असे तिघेही बाहेर राहिले.

१ जून २०२० रोजी फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे. त्यासाठी पालिकेचे ओळखपत्र, प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र हवे होते.

शेजारच्या बांगलादेशाने निर्यात कारखान्यांच्या मजुरीसाठी ५,००० कोटी टका काढले आणि ती मजुरी कामगारांच्या बँक वा मोबाईल खात्यावर गेली. पण तिथेही यादीत नाव असलेल्यालाच पैसा मिळाला. गरीब देशाची तिजोरी लहान असते. मदत नोंदीच्या वाटेनेच जाते. नोंद नाही, त्याचे नुकसान कागदावर दिसतच नाही.

म्हणून कारागीर बंधूंनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती मोफत आहे, आधारवर होते आणि तिच्यासाठी कर्ज घ्यावे लागत नाही. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाची बाकी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागते. २०२३-२४ या हिशेबी वर्षापासून अशी मुदत चुकवणाऱ्याला, पैसे देईपर्यंत, त्या रकमेची आयकरात वजावट मिळत नाही. व्याजी कर्ज नको असलेल्या कारागिरासाठी वेळेवर आलेली मजुरी हेच भांडवल आहे. व्यापाऱ्यांना मात्र २ जुलै २०२१ पासून ही नोंदणी फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती लागू आहे.

फेरीवाल्यांनी २०१४ च्या कायद्याचा आधार घ्यावा. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण झाले पाहिजे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच असल्या पाहिजेत, असे तो सांगतो. महापालिकेकडे याची लेखी मागणी करावी.

आणि आपण कापड व्यापाऱ्यांनी शिलाईवाल्यांची बाकी मुदतीत द्यावी. सरकारकडे न्याय मागणाऱ्याची स्वतःची वही आधी साफ हवी.